सूचक : चांगुणाबाई

आंबेखारच्या ग्रामपंचायतीत चांगुणाबाई तांबे सभासद होती, पण ती कागदावर. तुर्भ्याच्या कारखान्यांमागे, खाडीच्या अंगाला वसलेलं हे गाव, आणि पंचायत नऊ जणांची. त्यात बायकांसाठी जागा राखीव होत्या आणि मागासवर्गीयांसाठीही होत्या. गावातल्या शहाण्यांनी डोकं चालवलं आणि बौद्धवाड्यातली एक विधवा बाई उभी केली, म्हणजे एका माणसात दोन्ही कामं उरकली. चांगुणाबाई बिनविरोध निवडून आली. त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि तीन वर्षांत ती सभेला एकदाही गेली नव्हती.

तिला कुणी अडवलं होतं असं नाही. बायकांनी सभेला जायची रीतच नव्हती. सभा उरकली की दुसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई सिताराम लाल फडक्यात गुंडाळलेलं प्रोसिडिंग बुक काखेत मारून तिच्या दारात यायचा आणि म्हणायचा, "मावशे, सही." मग चांगुणाबाई हात धुवायची, पदराला पुसायची, उंबऱ्यात फतकल मारून बसायची आणि सिताराम बोट ठेवेल तिथे एकेक अक्षर रेखून आपलं पुरं नाव लिहायची. ही सही ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली होती. बौद्धवाड्यात तिच्या वयाच्या बाकी सगळ्या बाया अंगठा उठवायच्या, त्यामुळे तिला सहीचा फार अभिमान होता. पान कधी भरलेलं असायचं, कधी कोरं. कोरं असलं तर सिताराम सांगायचा, "भाऊसाहेब मागाहून लिवतात." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, सरकारी माणूस. सरकारी माणसाने काय लिहायचं ते त्याला कुणी शिकवायचं?

पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत एका सोमवारी ती खाडीतून निवट्या मासे धरून परत आली, तर वस्तीतल्या बाया घोळका करून उभ्या. शेजारची पुतळा तिला पाहताच पुढे आली. दोघी एकाच साली लग्न होऊन या वस्तीत आल्या होत्या, आणि एकीच्या घरात मीठ संपलं तर दुसरी विचारल्याशिवाय आणून ठेवायची.

"चांगुने, मानसं आल्ती. टेप लावून मोजून गेली. ह्ये बघ, माज्या भितीला चुना मारलान."

"कोन मानसं?"

"शहर बांधनारी. म्हनतात, इथं शोध लावायचा कारखाना येनार. मोठमोठी यंत्रं, मोठमोठं साहेब. तुमच्याच पंचायतीनं मागितलाय, असं म्हनाला त्यातला एक." पुतळाने कमरेवर हात ठेवले. "तू मेंबर हायेस ना? जा, इचारून ये."

बौद्धवाडा ज्या माळावर होता तेवढी एकच उंचवट्याची जागा गावाकडे उरली होती. भाताची खाचरं आणि मिठागरं सत्तर सालानंतर नव्या शहरासाठी गेली. जाताना साहेबांनी सांगितलं होतं की खारीचा माळ गावठाणाच्या वाढीसाठी राखीव राहील. माळावर एकतीस घरं. त्यांचा सातबारा नव्हता, फेरफार नव्हता. दोन वर्षांपूर्वी पंचायतीने एक ठराव करून त्या घरांची नोंद घेतली, दारांवर तांबड्या रंगाने नंबर टाकले आणि मग नळ आला. तो ठराव हाच काय तो त्यांचा कागद. नाल्यापलीकडच्या वस्तीकडे तेवढाही नव्हता. गेल्या पावसाळ्याच्या आधी एका सकाळी बुलडोझर आला आणि दुपारपर्यंत तिथे फक्त चुलींचे दगड राहिले होते. ते सगळं चांगुणाबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं.

ती तशीच, ओल्या लुगड्यानिशी, पंचायतीच्या कचेरीत गेली.

ग्रामसेवक नंदकुमार एकटाच होता. साताऱ्याकडचा माणूस, दोन मुलींचा बाप, बदलीला कायम घाबरलेला. तो वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. आणि भित्र्या माणसाच्या हातातली लेखणी गावातला कुणीही जबरा माणूस चालवू शकतो.

"भाऊसाहेब, आमच्या माळावर चुना कोनी मारला?"

नंदकुमारने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "बाई, मी तुमच्याकडेच येणार होतो. परवा बुधवारी अकरा वाजता सभा आहे. या वेळेला तुम्ही यायचंय."

"मी? सभेला?"

"हो. नगररचनेचे साहेब येणार आहेत. त्यांनी विचारलं तर फक्त 'हो' म्हणायचं. बाकी काही बोलू नका."

"कशाला हो म्हनायचं?"

नंदकुमारने बराच वेळ पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. मग त्याने प्रोसिडिंग बुक उघडलं आणि हळू आवाजात वाचलं, "ठराव क्रमांक चौदा. मौजे आंबेखार येथील खारीचा माळ ही गावठाण विस्तारासाठी राखीव असलेली जमीन, तिचे आरक्षण बदलून, तंत्रज्ञान संशोधन वसाहतीसाठी देण्यास ग्रामपंचायतीची हरकत नसावी. सूचक, श्रीमती चांगुणाबाई तांबे. अनुमोदक, सरपंच धर्मराज पाटील."

"सूचक म्हंजे?"

"ठराव ज्याने मांडला तो. सध्या नुसता मांडलाय, मतं बुधवारी साहेबांसमोर."

चांगुणाबाईला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा, शेजारी बाक होतं, तरी ती जमिनीवरच बसली. नंदकुमारने पुढे केलेल्या पानाच्या तळाशी तिचीच सही होती, तीच रेखलेली अक्षरं, एकही न चुकलेलं.

"मी कवा मांडला?"

"कागद म्हणतो, बारा तारखेला सकाळी अकराला."

"बारा तारखेला मी खाडीत व्हते."

"मला माहीत आहे, बाई." नंदकुमारचा आवाज बारीक झाला. "माळावर वस्ती तुमची. तुमच्याच सभासदाने मागणी केली म्हटल्यावर वरचे साहेब दुसरा प्रश्न विचारत नाहीत. सरपंचांनी सांगितलं, मी लिहिलं."

"मंग मी त्या साहेबाला सांगते. मी नव्हते म्हनून सांगते."

नंदकुमार उठला आणि त्याने दार लोटलं. त्याच्या कपाळाला घाम आला होता. "सांगा. पण आधी ऐका. सभेला पाच डोकी लागतात, नाही तर सभाच होत नाही. आपल्याकडे येतात तीन. बाकी तुमची सही आणि दुसऱ्या बाईंची सही. तुम्ही म्हणालात की मी कधी सभेला नव्हतेच, तर साहेब सगळं बुक मागवतील. मग एकेक ठराव पडेल. माझी नोकरी जाईल, कदाचित मी आतही जाईन. आणि तुमच्या एकतीस घरांच्या नोंदीचा ठराव? तोसुद्धा तसाच झालाय. तीन माणसं आणि दोन सह्या."

खरं सांगावं तर घरांचा कागद जातो, गप्प राहावं तर घरंच जातात. असा पेच टाकायला फार मोठी अक्कल लागत नाही, फक्त समोरच्या बाईने कोऱ्या पानावर सही केलेली असावी लागते.

घरी येताना वाटेत सरपंच भेटला. धर्मराज पाटील मोटरसायकल थांबवून अगदी गोड हसला. "चांगुनाबाय, बुधवारी ये हां वेळेवर. दिनानाथ कसा हाय तुजा? कारखान्यात कायम व्हायचाय ना अजून? मी बोल्लोय साहेबांशी." आणि गेला. दिनानाथ तिचा एकुलता एक मुलगा, तुर्भ्याच्या एका कारखान्यात हंगामी कामगार. त्याला तिथे चिकटवला तो पाटलानेच. तिला दम दिलेला नव्हता, फक्त मुलाची खुशाली विचारली होती.

वस्तीत पुतळा वाट पाहत होती. "काय म्हनाला भाऊसाहेब?"

"बुधवारी सभा हाय. तिथं कळंल."

"आनि मागितलं कोनी?"

"ठाव नाय," चांगुणाबाई म्हणाली. पुतळाशी ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली.

ते दोन दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. भाकरी करपली, तवा तसाच चुलीवर राहिला. कुणी हाक मारली की ती दचकायची. गेल्या वर्षी उरणच्या बाजूला जमिनीच्या आंदोलनात गोळीबार झाला होता, माणसं मेली होती. तेव्हापासून सरकारी कागद आणि पोलीस या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकत्र बसल्या होत्या. आपल्याला बेड्या घालून नेतील, दिनानाथला कामावरून काढतील, वस्तीवर बुलडोझर येईल, असं ती एकामागून एक डोळ्यांपुढे आणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

बुधवारी अकराला ती पंचायतीच्या दारात उभी होती. आत, साहेब येणार म्हणून जमलेले सात सभासद, शिवाय साहेब आणि ग्रामसेवक. खुर्च्या नऊच होत्या. दहावी कधी लागलीच नव्हती, कारण बायकांच्या वाटची माणसं येतच नसत. सिताराम धावत जाऊन बालवाडीतलं एक बुटकं स्टूल घेऊन आला आणि चांगुणाबाई त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. खिडकीबाहेर वस्तीतल्या बाया गजांना धरून उभ्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे पुतळा.

नगररचनेचे साहेब श्यामसुंदर सबनीस टेबलावर नकाशा पसरून, त्याच्या कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवून बोलू लागले. माणूस सरळ होता, पण घाईत होता. नियोजन समितीची शेवटची बैठक शनिवारी आहे, त्यानंतर आराखडा मंजुरीला सरकारकडे जाईल. तोवर पंचायतीचा ठराव हातात असला तर माळाचं आरक्षण बदलेल, नसला तर नकाशात आहे तसंच राहील. म्हणून आज इथे, त्यांच्या समोर, ठरावावर मतं घ्यायची.

"चर्चा करा," ते म्हणाले.

चर्चा सुरू झाली. पोपट म्हात्रे म्हणून एक म्हातारे सभासद होते, मिठागरात जन्म गेलेले. त्यांनी आधी चष्मा पुसला. "साहेब, ते शोधनार काय हायेत तेवढं सांगा. आमचं मीठ गेलं, भात गेलं, ते आधी शोधा म्हनावं."

दोघं-तिघं हसले. सरपंच हसला नाही. "पोपटकाका, कम्प्युटरचं काम हाय. उद्या जग त्याच्यावर चालनार. आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील."

"कोनच्या पोरांना? साहेब, सातवी पास लागतात तिथं?"

सबनीसांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "संशोधनाला पदवीधर लागतील. बाकी सुरक्षा, साफसफाई, बाग, अशी कामं स्थानिकांना मिळू शकतील."

"म्हंजे आमच्याच माळावर आमी वॉचमन," पोपटकाका म्हणाले. "मग माझी एक सूचना लिवा. माळ सोडा, तळ्याकडची जागा घ्या. ती मोकळी हाय."

तळ्याकडच्या जागेला खेटून सरपंचाच्या भावाचा नवा बंगला होता. धर्मराज पाटलाने पोपटकाकांकडे नुसतं पाहिलं. काकांनी पुन्हा चष्मा काढला, पुसला, आणि हात झटकला. "बरं बाबा. सूचना मी मागं घेतो."

नंदकुमारने लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, "श्री. म्हात्रे यांनी आपली सूचना मागे घेतली."

"मागे घेतली ना? मग ती संपली. पुढे चला," सबनीस म्हणाले.

चांगुणाबाई त्या स्टुलावर ताठ झाली. सभा कशी चालते ते ती जन्मात पहिल्यांदा बघत होती. बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, त्यांनी ते शंभरदा पाहिलं होतं. पण म्हाताऱ्याने एक गोष्ट मांडली, म्हाताऱ्यानेच ती मागे घेतली, आणि कुणी विचारलं नाही की खरंच मांडली होती का, केव्हा मांडली होती. जो मांडतो तो मागे घेऊ शकतो. एवढं सोपं होतं.

तिने खोलीतले चेहरे पाहिले. सातातले पाच तरी सरपंचाचे होते, तेव्हा मतं मोजली असती तर माळ गेलाच होता. मतं मोजायच्या आत काय ते करायला हवं होतं.

"आता ठराव चौदा," सबनीस म्हणाले. "सूचक श्रीमती तांबे. आपण आहात ना? वस्ती आपलीच आहे असं कळलं. आपलं म्हणणं काय?"

खिडकीतून कुजबुज उठली. सूचक या शब्दाचा अर्थ बाहेर कुणालाच ठाऊक नव्हता, पण तिचं नाव सगळ्यांनी ऐकलं होतं. चांगुणाबाई उभी राहिली. तिने टेबलाची कड धरली. नंदकुमारचा चेहरा पांढराफटक पडला होता. सरपंच मान हलवून तिला 'हो' म्हणायला सांगत होता.

तिला फार भीती वाटली. बुलडोझरची वाटली, पोलिसांची वाटली, दिनानाथच्या नोकरीची वाटली. पण सगळ्यांत जास्त भीती तिला पाठीमागच्या खिडकीची वाटली. आता ती जे बोलणार होती ते पुतळाच्या कानावर पडणार होतं, आणि त्यातला एक शब्दही नंतर खोडता येणार नव्हता.

"ठराव मी मांडला व्हता," ती म्हणाली.

"जरा मोठ्याने बोला," सबनीस म्हणाले.

"हा ठराव मी मांडला व्हता. आमचा माळ देऊन टाकायचा ठराव. मीच मांडला, आनि मीच मागं घेते."

खिडकीतली कुजबुज थांबली.

सरपंच खुर्चीतून अर्धा उठला. "चांगुनाबाय, काय बोलतेस ते कळतंय का? घरी पोराचा इचार कर."

सबनीसांनी नकाशावरून मान वर केली आणि आधी पाटलाकडे, मग तिच्याकडे पाहिलं. त्यांना कसला तरी वास आला असावा. "बाई, कुणाचा दबाव आहे का? तुम्ही बारा तारखेला स्वतः हजर होता? स्वतः मांडला होता?"

हीच ती वेळ होती. नाही म्हटलं असतं तर वस्तीने तिला खांद्यावर घेऊन नेलं असतं, आणि महिनाभराने त्याच वस्तीच्या दारांवरचे तांबडे नंबर पुसले गेले असते.

"व्हय साहेब. हजर व्हते. माजी सही हाय."

नंदकुमारने धरून ठेवलेला श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू गेला.

"मतदानापूर्वी सूचक आपला ठराव मागे घेऊ शकतात," सबनीस म्हणाले आणि त्यांनी पेपरवेट उचलायला सुरुवात केली.

"मग मी मांडतो," सरपंच म्हणाला. "आत्ताच."

"नव्या विषयाला सात दिवसांची नोटीस लागते, पाटील. आणि समिती शनिवारी आहे." नकाशाची गुंडाळी झाली. "आरक्षण आहे तसं राहील. ग्रामसेवक, लिहून घ्या."

नंदकुमारने लिहिलं. या वेळी त्याने पान भरलं आणि मग तिच्यापुढे सरकवलं. चांगुणाबाईने सही केली. अक्षरं ओळीबाहेर गेली.

ती बाहेर आली तेव्हा बाया अंगणात उभ्या होत्या. माळ वाचला हे त्यांना कळलं होतं, पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी कळलं होतं. कुणी पुढे आलं नाही. एकीने पदर तोंडाला लावला होता. शेवटी पुतळा आली, अगदी जवळ येऊन उभी राहिली आणि हळू विचारलं, "चांगुने, तू मांडला व्हतास?"

मागे पायरीवर साहेब उभे होते, जीप येईपर्यंत. त्यांच्या शेजारी नंदकुमार, दारात सरपंच. तिघांनाही ऐकू गेलं असतं. आणि आज साहेब गेले तरी उद्या कुणी ना कुणी ऐकणार होतंच, कारण वस्तीत सांगितलेली गोष्ट वस्तीत राहत नाही. पुतळाला एकटीला सांगावं, तर पुतळा तिच्यासाठी साऱ्या गावाशी भांडली असती, आणि भांडताना सगळं बोलून गेली असती. चांगुणाबाईला पुतळा पुरती माहीत होती.

"व्हय," ती म्हणाली.

"आमची घरं? माजं घर?"

"व्हय."

"आनि सोमवारी म्हनालीस, ठाव नाय."

पुतळाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, जरा वाट पाहिली, आणखी काही येईल म्हणून. मग ती वळली आणि चालू लागली. तिच्यामागे बाकीच्या बाया गेल्या. मिठागराच्या बांधावरून त्यांची रांग माळाकडे निघाली, आणि चांगुणाबाई त्याच वाटेने, दहा-बारा पावलं अंतर ठेवून, त्यांच्या मागून घरी गेली.